तारीख ठरवून सिझर : अंगावरच्या दुधाची तयारी

सिझरची तारीख मिळाली की घरात दोन काळज्या सुरू होतात. पहिली ऑपरेशनची. दुसरी बहुतेक वेळा सासूबाई किंवा आई बोलून दाखवते : कळाच आल्या नाहीत, तर पान्हा फुटणार कसा? पोट फाडून बाळ काढलं की दूध येत नाही, आलं तरी पातळ येतं, सलाईनचं आणि पाठीतल्या इंजेक्शनचं औषध दुधात उतरतं, टाके असताना पाजलं तर टाके उसवतात, अशी अनेक वाक्यं त्या आठवडाभरात तुमच्या कानावर पडतात. गडचिरोली आणि चंद्रपूरच्या कुठल्याही प्रसूती वॉर्डात ती ऐकू येतात. त्यांतून गोंधळ उडतो आणि तिसऱ्या दिवशी कुणीतरी पावडरचा डबा घेऊन येतं.

म्हणून उत्तर आधीच देते. सिझरनंतर दूध येतं. तारीख ठरवून केलेल्या सिझरनंतरही येतं. कधी कधी ते एखादा दिवस उशिरा येतं, आणि तो एक दिवस कसा निभवायचा हे माहीत नसल्यामुळेच पुष्कळ बायकांचं दूध कमी पडतं.

पान्हा उशिरा का येतो?

दूध तयार होण्याची आज्ञा कळांकडून मिळत नाही, वार सुटण्याकडून मिळते. वार बाहेर आली की शरीरातलं प्रोजेस्टेरॉन झपाट्यानं उतरतं आणि दूध बनवणाऱ्या प्रोलॅक्टिनला वाट मोकळी होते. बाळंतपण कसंही होवो, वार निघतेच. साधारण दुसऱ्या ते चौथ्या दिवसात छाती जड वाटू लागते, तोच पान्हा. सिझरनंतर तो थोडा लांबतो, त्याची कारणं अशी : कळा न आल्यामुळे ऑक्सिटोसिनची लाट कमी असते, बाळ पहिल्यांदा छातीशी यायला वेळ लागतो, दुखण्यामुळे आई वळत नाही, आणि बाळही सुस्त असतं. रक्त फार गेलं असेल, अंगात रक्त आधीच कमी असेल, मधुमेह किंवा थायरॉइडचा त्रास असेल, तर उशीर आणखी वाढतो.

यातल्या बहुतेक कारणांवर तुम्हाला काही करता येतं. ऑपरेशनची तारीख आधी कळलेली असते, हा तुमचा फायदा आहे.

ऑपरेशनच्या आधी

डॉक्टरांना हे प्रश्न विचारा. विचारायला लाजू नका. नवऱ्याला किंवा आशाताईंना बरोबर न्या. मराठीत बोलणं अवघड जात असेल तर माडिया किंवा गोंडी बोलणारी ओळखीची बाई सोबत असू द्या.

- माझे किती आठवडे पूर्ण होतील? तातडीचं वैद्यकीय कारण नसेल, तर ठरवलेलं सिझर ३९ आठवडे पूर्ण झाल्यावर करावं. ३७-३८ आठवड्यांचं बाळ वजनानं चांगलं दिसलं तरी त्याला श्वासाचा त्रास होण्याची शक्यता जास्त असते. ते जास्त झोपतं आणि दमून लवकर चोखणं सोडतं. घरी सोयीचा दिवस म्हणून किंवा मुहूर्त पाहून तारीख अलीकडे ओढू नका.
- भूल कोणती? पाठीतल्या इंजेक्शनच्या भुलेत तुम्ही जाग्या असता, त्यामुळे बाळाला लगेच छातीशी घेता येतं. पूर्ण भूल द्यावी लागली, तर नीट शुद्धीवर आल्याबरोबर पाजता येतं. दोन्हींत दूध फेकून देण्याची गरज नाही.
- बाळ आणि मी एकाच खाटेवर, निदान एकाच खोलीत राहू ना?
- बाळाला वरचं काही द्यायची वेळ आली तर आधी मला सांगाल ना? हे फाइलवर लिहून घ्यायला सांगा.

दोन गोष्टी घरीच ठरवा. पहिली, दवाखान्यात सोबत कोण राहणार. पहिल्या दोन रात्री बाळ उचलून तुमच्या कुशीत ठेवणारी, परत घेणारी एक समजूतदार बाई सोबत हवी. गर्दी करून भेटायला येणारे दहा जण तिथे उपयोगाचे नाहीत. दुसरी, दवाखान्यात केव्हा पोहोचायचं. भामरागडजवळ पर्लकोटेला पूर आला की रस्ता बंद होतो, एटापल्ली आणि सिरोंचाकडच्या पुष्कळ गावांची पावसाळ्यात तीच गत असते. तारीख जुलै-ऑगस्टची असेल तर चार दिवस आधी निघा. आदिवासी भागातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांजवळ गरोदर बायकांना आधी येऊन राहण्यासाठी ‘माहेरघर’ आहे. तुमच्या भागात ते कुठे आहे, तिथून मोठ्या दवाखान्यात कसं नेतील, हे आशाताईंना विचारून ठेवा.

३७ आठवडे झाल्यावर हातानं दूध काढायची पद्धत सिस्टरकडून पाहून घ्या. वारेचा त्रास, आधी अपुऱ्या दिवसांचं बाळंतपण किंवा रक्तस्राव झाला असेल, तर ऑपरेशनआधी स्वतः प्रयोग करू नका. पद्धत फक्त समजून घ्या.

पहिला तास

जन्मानंतर एका तासाच्या आत बाळाला छातीला लावावं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. भारत सरकारचा २०१६ मध्ये सुरू झालेला ‘मां’ कार्यक्रमही हेच सांगतो. पाठीच्या भुलेत ऑपरेशन झालं, आई आणि बाळ दोघं ठीक असतील, तर टाके घालणं चालू असतानाही बाळाला उघड्या अंगानं आईच्या छातीवर आडवं ठेवता येतं. सगळ्या ऑपरेशन थिएटरांत हे होत नाही. होत नसेल, तर बाहेर आल्याबरोबर करायला सांगा. बाळ उघडं, तुमची छाती उघडी, वरून दोघांवर एक पांघरूण आणि बाळाच्या डोक्यावर टोपी. बाळ गरम राहतं, जागं होतं, स्वतःच छाती शोधू लागतं.

तुम्हाला उलट्या होत असतील, थंडी वाजत असेल, गुंगी असेल, तर बाळाला एकटीनं छातीवर घेऊ नका, शेजारी माणूस हवा. तोवर बाबांच्या उघड्या छातीवर बाळ ठेवलं तरी चालतं. बाबांनी पुढे यावं. झोळीत किंवा कपड्यात गुंडाळून बाजूला ठेवलेल्या बाळापेक्षा हे कितीतरी बरं.

या तासात मध, गूळपाणी, गुटी, साखरपाणी, शेळीचं किंवा गाईचं दूध यांतलं काहीही बाळाच्या तोंडात जाऊ देऊ नका. आजीच्या हातून बाळाला पहिली चव द्यायची प्रथा घरात असेल, तर आजीला चमच्यानं तुमचा चीकच द्यायला सांगा. मान राहतो आणि बाळाला हवं तेच मिळतं.

पहिले तीन दिवस

इथेच दूध टिकतं किंवा हातचं जातं, म्हणून हा भाग सावकाश वाचा.

पहिल्या दोन-तीन दिवसांत येतो तो चीक. पिवळसर, दाट, थेंब थेंब. पहिल्या दिवशी बाळाच्या पोटात एका वेळी जेमतेम एक चहाचा चमचाभर, पाच-सात मिलिलिटर मावतं. म्हणजे चीक कमी नसतो, बाळाची गरजच तेवढी असते. चीक खराब म्हणून पिळून टाकायची चाल अजून काही घरांत आहे. तो टाकला तर बाळाचं आजारांपासूनचं पहिलं संरक्षण टाकलं, असं समजा.

चोवीस तासांत ८ ते १२ वेळा पाजायचं. सिझरचं बाळ झोपाळू असतं, त्यामुळे ते रडेल तेव्हा पाजू असं म्हणून बसलात तर सहा-सहा तास निघून जातात. दोन-तीन तासांनी तुम्हीच उठवा. कपडा सोडा, अंगाला अंग लावा, तळपाय चोळा, लंगोट बदला. रात्रीचं पाजणं चुकवू नका. प्रोलॅक्टिन रात्री जास्त असतं, आणि ‘बाळंतिणीला झोपू द्या, रात्री बाळाला बाटली देऊ’ ही माया दूध कमी करते.

बाळ ओढत नसेल, किंवा दोघं वेगळ्या ठिकाणी असाल, तर पहिल्या काही तासांतच हातानं चीक काढायला सुरुवात करा :

1. हात साबणानं धुवा. छाती हलक्या हातानं चोळा, पाठीवरून कुणाला तरी हात फिरवू द्या.
2. काळ्या भागाच्या जरा मागे, बोंडापासून दोन बोटांवर, वर अंगठा आणि खाली बोटं ठेवा.
3. आधी बरगड्यांकडे मागे दाबा, मग अंगठा आणि बोटं एकमेकांकडे दाबा, सोडा. कातडीवरून बोटं घासत पुढे आणू नका, बोंड ओढू नका.
4. थेंब येणं थांबलं की बोटांची जागा बदला, मग दुसरी बाजू घ्या.
5. उकळून गार केलेल्या चमच्यात किंवा वाटीत थेंब धरा आणि बाळाला चमच्यानंच द्या. बाळाला जरा उभं धरा, चमचा ओठाला लावा, त्याला जिभेनं घेऊ द्या. ओतू नका.

पहिल्या खेपेला काहीच आलं नाही तर घाबरू नका. दर दोन-तीन तासांनी करत राहा. छाती रिकामी होत गेली की शरीर दूध वाढवत जातं. ती भरलेली राहिली की शरीर आवरतं घेतं. दूध वाढवण्याच्या बाकी सगळ्या उपायांआधी हे येतं.

दुसऱ्या रात्री बाळ अचानक सारखं मागू लागतं, दर अर्ध्या-पाऊण तासाला. वॉर्डात ‘दूध पुरत नाही’ असा निकाल बहुतेक वेळा याच रात्री लागतो आणि नवऱ्याला मेडिकलमध्ये पाठवलं जातं. बहुतेक बाळांत हे सारखं मागणं म्हणजे पान्हा आणण्यासाठी चाललेली धडपड असते. लघवी-शी नीट असेल तर त्या रात्री पाजत राहा.

टाके सांभाळून कसं पाजायचं

टाके पाजण्यामुळे उसवत नाहीत. पोटावर बाळाचं वजन आलं की दुखतं, एवढंच. त्यासाठी तीन पद्धती :

- कुशीवर पडून : पहिल्या दिवशी हीच सर्वांत सोपी. पाठीमागे उशी किंवा गुंडाळलेली चादर, गुडघ्यांत दुसरी, पोटाखाली घडी केलेलं मऊ कापड. बाळ तुमच्याकडे तोंड करून, पोटाला पोट. पाजता पाजता डोळा लागला तर सोबतच्या बाईनं बाळ उचलून बाजूला ठेवावं.
- काखेतून : बसून, बाळाचं अंग तुमच्या काखेखाली, पाय पाठीकडे, डोकं हातात. टाक्यांना स्पर्शच होत नाही. लहान बाळाला आणि मोठी छाती असलेल्या आईला हे फार सोयीचं.
- मांडीवर उशी घेऊन : टाके झाकतील अशी उशी ठेवून त्यावर बाळ. तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून.

पद्धत कोणतीही असो, बाळानं छाती नीट पकडली आहे ना हे पाहा. तोंड मोठं उघडलेलं, खालचा ओठ बाहेर वळलेला, हनुवटी छातीला टेकलेली, आणि काळा भाग खालपेक्षा वर जास्त दिसतो. फक्त बोंड तोंडात असेल तर दुखतं, चिरा पडतात आणि दूधही येत नाही. अशा वेळी बाळाच्या तोंडाच्या कोपऱ्यात करंगळी घालून सोडवा आणि पुन्हा लावा. वॉर्डातल्या सिस्टरना एकदा तरी शेजारी उभं राहून पाहायला सांगा. तुम्ही मागितली तर ही मदत मिळायला हवी.

दूध पुरतं हे कशावरून ओळखायचं

छाती पिळून किती आलं, यावरून ओळखता येत नाही. बाळ रडतं, यावरूनही नाही. बाळाच्या लंगोटावरून आणि वजनावरून ओळखा.

- पहिल्या दिवशी निदान एक लघवी, दुसऱ्या दिवशी दोन, तिसऱ्या दिवशी तीन. पाचव्या-सहाव्या दिवसापासून चोवीस तासांत सहा किंवा जास्त.
- शी आधी काळी-चिकट, मग हिरवट, चौथ्या-पाचव्या दिवसापर्यंत पिवळी. पाचव्या दिवशीही काळीच असेल तर दूध कमी जातं आहे, दाखवा.
- पाजताना गिळण्याचा आवाज येतो, पाजून झाल्यावर छाती हलकी वाटते.
- पहिल्या दिवसांत वजन थोडं उतरतंच. २ किलो ६०० ग्रॅमच्या बाळाचं १८० ग्रॅमपर्यंत, म्हणजे साधारण ७ टक्के, उतरलं तर पाजणं कसं चाललं आहे ते तपासून पुढे जायचं. २६० ग्रॅम, म्हणजे १० टक्क्यांच्या जवळ उतरलं, तर डॉक्टरांनी बाळाला पाहायलाच हवं.
- दहा ते चौदा दिवसांत बाळ जन्माच्या वजनावर परत यावं.

सिझरच्या बाबतीत एक बारकावा आहे. आईला ऑपरेशनआधी बरंच सलाईन गेलं असेल तर बाळाच्या अंगातही जास्तीचं पाणी असतं, ते पहिल्या दिवसात लघवीवाटे जातं आणि वजन जास्त उतरल्यासारखं दिसतं. त्यामुळे नुसत्या आकड्यावर घाबरून पावडर सुरू करू नका, लघवी, शी आणि बाळाची हुशारी सोबत पाहा. आणि सुट्टी होताना वजन करून ते माता-बाल संरक्षण कार्डावर लिहून घ्या. गावी गेल्यावर तुलना करायला तो आकडा लागतो.

वरचं दूध केव्हा लागतं

काही वेळा लागतं, हेही स्पष्ट सांगायला हवं. बाळाची साखर उतरली, वजन फार घटलं, अंगातलं पाणी कमी झालं, दिवस पूर्ण नव्हते, आई अतिदक्षता विभागात आहे, अशा वेळी डॉक्टर सांगतील तर द्या. अपराधी वाटून घेऊ नका. पण ते औषधासारखं घ्या : किती, किती वेळा आणि केव्हा बंद करायचं, हे विचारून. आधी स्वतःचं काढलेलं दूध, ते पुरलं नाही तरच वरचं. बाटलीनं नको, वाटी-चमच्यानं. आणि जितक्या वेळा वरचं दिलं, तितक्या वेळा छातीतून दूध काढायचंच.

डबा सुरू करून गावी जाणं इथे विशेष धोक्याचं आहे. नळाचं पाणी नाही, बाटली रोज उकळणं होत नाही, डबा पुरावा म्हणून पावडर पातळ कालवली जाते. पुरात रस्ता तुटला की डबाही मिळत नाही, आणि तोवर अंगावरचं दूध आटलेलं असतं.

उन्हाळ्याबद्दल एक सांगते. चंद्रपूरला पारा ४५ अंशांपलीकडे जातो म्हणून सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला पाणी पाजलं जातं. गरज नाही. अंगावरच्या दुधात जवळजवळ ८८ टक्के पाणीच असतं. बाळाला जास्त वेळा पाजा, पाणी तुम्ही प्या.

औषधं, आजार आणि खर्रा

दुखणं सहन करून पडून राहू नका. दुखणं जास्त असलं की पान्हा सुटायला अडथळा येतो आणि तुम्ही पाजायला वळतच नाही. सिझरनंतर दिली जाणारी पॅरासिटामॉल, आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक ही औषधं आणि नेहमीची बहुतेक अँटिबायोटिक्स पाजणाऱ्या आईला चालतात. कोडीन आणि ट्रॅमाडॉल टाळावीत, बाळाला गुंगी येऊन श्वास मंद होऊ शकतो. चिठ्ठीवर ती दिसली तर डॉक्टरांना विचारा.

आपल्या दोन जिल्ह्यांपुरत्या काही गोष्टी :

- सिकलसेल : सिकलसेल असलेली आई पाजू शकते, आजार दुधातून बाळाला जात नाही. पाणी भरपूर प्या. हायड्रॉक्सीयुरिया चालू असेल तर पाजण्याबद्दल डॉक्टरांचा सल्ला आधी घ्या. बाळाची तपासणी केव्हा करायची, तेही विचारा.
- हिवताप : ताप असतानाही पाजत राहा. मात्र औषध देणाऱ्याला ‘मी पाजते, बाळ इतक्या दिवसांचं आहे’ हे सांगा, कारण प्रायमाक्विन सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला पाजणाऱ्या आईला सहसा देत नाहीत.
- खर्रा, तंबाखू, नस : निकोटीन दुधात उतरतं, आणि त्यानं दूधही कमी होतं. गडचिरोलीत २०१६ पासून ‘मुक्तिपथ’ अभियान तंबाखू आणि दारूविरुद्ध काम करतं, सोडायला मदत हवी असेल तर विचारा. अगदीच सुटत नसेल तर पाजणं थांबवू नका, पण पाजण्याच्या आधी खाऊ नका. दारू मात्र, मोहाचीसुद्धा, ‘अंग शेकतं, दूध येतं’ म्हणून कुणी दिली तर घेऊ नका. ती पान्हा अडवते.
- पाळणा लांबवायच्या गोळ्या : पाजत असताना पहिले सहा महिने ‘माला-एन’सारख्या गोळ्या घेऊ नका, त्यांतल्या इस्ट्रोजेननं दूध घटू शकतं. सिझरच्या वेळीच तांबी बसवता येते, ‘छाया’ गोळ्या चालतात, ‘अंतरा’ इंजेक्शन सहा आठवड्यांनंतर घेता येतं. नसबंदीनं दुधावर परिणाम होत नाही.

दूध वाढवायच्या गोळ्या आणि पावडरी मेडिकलमधून परस्पर आणू नका. त्या घेऊनही छाती रिकामी होत नसेल तर उपयोग नाही.

बाळंतिणीचं खाणं

टाके पिकतील म्हणून डाळ बंद, अंडी बंद, भाजी बंद, पाणी मोजून. नुसता भात आणि मीठ. हे चूक आहे. टाके पिकतात ते जंतूंमुळे आणि अशक्तपणामुळे. टाके भरायला प्रथिनं लागतात आणि ती डाळ, अंडी, मासे, मटण, शेंगदाण्यांतूनच मिळतात. डॉक्टरांनी पाणी-पेज सुरू करायला सांगितलं की घोट घोट प्या, आणि आतडी चालू झाली की रोजचं जेवण घ्या. आंबील, तांदळाची पेज, तुरीचं वरण, लाखोळीऐवजी मूग-मसूर, शेवग्याचा पाला, परसातली भाजी, नदीची मासळी, सगळं चालतं. नेहमीपेक्षा एखाद-दुसरं जेवण जास्त घ्या. हळिवाची खीर, मेथीचे लाडू आवडत असतील तर जरूर खा, त्यांनी ताकद मिळते. पण लाडू खाऊन बाळाला चार तास न पाजलं तर दूध वाढणार नाही. डॉक्टरांनी दिलेल्या लोह आणि कॅल्शियमच्या गोळ्या बाळंतपणानंतरही सहा महिने घ्यायच्या असतात, त्या अर्ध्यात सोडू नका.

अनुसूचित क्षेत्रातल्या अंगणवाड्यांमध्ये २०१५ पासून ‘डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजना’ चालू आहे. गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत आणि बाळंतपणानंतर सहा महिने, रोज एक वेळचं पूर्ण गरम जेवण. टाक्यांमुळे चालत जाता येत नसेल तर तुमचा वाटा घरी कसा पोहोचेल, हे अंगणवाडीताईंना आधीच विचारून ठेवा.

बाळ काचेत असेल तर

नवजात अतिदक्षता कक्षात ठेवलेल्या बाळाच्या आईनं पहिल्या सहा तासांच्या आत, आणि पुढे दर तीन तासांनी, रात्रीही, दूध काढावं. दोन थेंब आले तरी ते आत पाठवा. चाकाच्या खुर्चीतून तुम्हाला बाळापाशी नेण्याची मागणी करा. डॉक्टर हो म्हणाले की बाळाला उघड्या छातीवर घेऊन बसा, कांगारूसारखं. त्यानं दूधही वाढतं आणि बाळाचं वजनही.

घरी गेल्यावर

घरी जाऊन बाळाला तपासण्याची पद्धत आपल्या गडचिरोलीतूनच देशभर गेली. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेनं १९९३ मध्ये अभ्यास सुरू केला, ३९ गावांत गावातल्याच बायकांना ‘आरोग्यदूत’ म्हणून शिकवलं. बाळाचं वजन, ताप, श्वास, दूध ओढणं त्या घरोघरी जाऊन तपासत. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष आले : नवजात बालमृत्यूचं प्रमाण ६२ टक्क्यांनी घटलं होतं. २०११ पासून देशभरच्या आशाताई तेच काम करतात. दवाखान्यात बाळंतपण झालं तर ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी त्यांची भेट असते. सिझरमध्ये आईला घरी यायलाच पाच-सहा दिवस लागतात, म्हणून सातव्या दिवसापासून पाच भेटी.

याचा अर्थ, नाजूक पहिला आठवडा तुम्ही दवाखान्यात असता, आणि तिथली मदत घेऊनच घरी जायचं असतं. घरी निघण्याआधी आशाताईंना फोन करून कळवा. माहेरी जाणार असाल तर तिथल्या आशाताईंना निरोप द्या. माहेर-सासरच्या मध्ये पुष्कळ बाळांच्या भेटी निसटतात. प्रत्येक भेटीत त्यांच्यासमोर बाळाला पाजून दाखवा आणि वजन करून घ्या.

तिसऱ्या ते सहाव्या दिवसात छाती दगडासारखी दाटली, तर पाजण्याआधी कोमट फडकं, थोडं हातानं काढून छाती मऊ करून मग बाळाला लावणं, पाजून झाल्यावर गार फडकं. लाल गाठ झाली तरी त्या बाजूनं पाजणं बंद करू नका, बंद केलं तर पू होण्याचा धोका वाढतो. ताप आला तर दाखवा.

रोवणीचे दिवस, मोह वेचणं, तेंदूपत्ता, ही कामं थांबत नाहीत हे मला ठाऊक आहे. पण सिझर झालेल्या बाईनं सहा आठवडे ओझं उचलू नये, आणि घरच्यांनी तिला बांधावर बोलावू नये. पुढे कामावर जाताना निघण्याआधी पाजा, आल्याबरोबर पाजा, मधल्या वेळेसाठी काढून ठेवलेलं दूध झाकलेल्या स्वच्छ भांड्यात, घरातल्या सर्वांत थंड जागी. साध्या हवामानात ते चार तास टिकतं, मे महिन्यात तेवढाही भरवसा धरू नका.

तुमचे हक्क

- ‘जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमा’खाली २०११ पासून सरकारी दवाखान्यात सिझर, औषधं, तपासण्या, रक्त मोफत. सिझरनंतर सात दिवसांपर्यंतचं जेवण मोफत. घरून दवाखान्यात, मोठ्या दवाखान्यात आणि परत घरी सोडणारी गाडी मोफत. कुणी पैसे मागितले तर वैद्यकीय अधीक्षकांकडे लेखी तक्रार करा.
- १९९२ च्या आणि २००३ मध्ये कडक केलेल्या कायद्यानं दोन वर्षांच्या आतल्या बाळांसाठीच्या दूध पावडरीची, बाटल्यांची जाहिरात करायला, आईला फुकट नमुने द्यायला बंदी आहे. दवाखान्यात कुणी असा डबा हातात ठेवला तर घेऊ नका, तक्रार करा.
- ‘मातृवंदना योजने’त पहिल्या बाळासाठी ५,००० रुपये, दुसरी मुलगी झाली तर ६,००० रुपये. ही रक्कम तुम्हाला विश्रांती मिळावी, बाळाला पाजता यावं म्हणूनच आहे. कार्ड, बँक खातं आणि आधार आधीच जोडून ठेवा.
- नोकरीत असाल तर पात्र असल्यास पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवडे पगारी रजा, आणि कामावर परतल्यावर बाळ १५ महिन्यांचं होईपर्यंत रोज दोन वेळा पाजण्यासाठी सुट्टी.
- एसटी स्थानकात ‘हिरकणी कक्ष’ असेल तर तिथे निवांत बसून पाजा. कुलूप असेल तर नियंत्रकाकडे किल्ली मागा.

थांबू नका, दवाखाना गाठा

बाळ दूध ओढायचं थांबलं, सुस्त पडलं, उठवूनही उठत नाही, अंग गार किंवा तापलेलं आहे, श्वास मिनिटाला ६० पेक्षा जास्त आहे किंवा छाती आत ओढली जाते, तळहात-तळपाय पिवळे झाले, बारा तास लघवी नाही. आईला ताप, टाक्यांतून पू, घाण वास, कापड भिजून जाईल एवढं रक्त, एका पायाला सूज आणि दुखणं, श्वास लागणं. यांतलं एकही दिसलं तर उजाडण्याची वाट पाहू नका, गावातल्या पुजाऱ्याकडे आधी जाऊन वेळ घालवू नका. १०८ ला फोन करा. बाळंतीण आणि तान्ह्या बाळासाठी १०२ ची गाडीही आहे, आणि नुसता सल्ला हवा असेल तर १०४. तुमच्या गावात मोबाइलला रेंज कुठे लागते, आणि रात्री तिथवर कोण जाईल, हे बाळ घरी येण्याआधी ठरवून ठेवा.